शाळेला थंडीची सुट्टी: पहाटेचा निरोप येण्याआधी काय ठरवून ठेवायचं

पहाटे पाच वीसला फोन वाजतो. शाळेचा निरोप असतो: रस्त्यांवर बर्फ गोठलाय, बस निघणार नाहीत, आज शाळा बंद. मी उठते, फ्रिजवर लावलेली वही बघते. ज्याचं नाव वर असेल तो घरी थांबतो, दुसरा कामाला जातो. पुढच्या पाच मिनिटांत आमच्याकडे सगळं मार्गी लागलेलं असतं. ही वही येण्याआधीचे दोन हिवाळे मात्र आम्हाला फार जड गेले. तसे दिवस तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. माझी शिफ्ट सकाळी सातला सुरू होते आणि मी पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. नवरा बांधकामाचे आराखडे करतो, त्याचं निम्मं काम लॅपटॉपवर होतं. मोठी दहा वर्षांची, धाकटा सहाचा. त्या पहिल्या हिवाळ्यात शाळा सात दिवस बंद राहिली आणि त्यातले सहा दिवस मी घरी थांबले. असं कुणी ठरवलं नव्हतं. दर वेळी अंधारात, मुलं उठू नयेत म्हणून दबक्या आवाजात तेच बोलणं व्हायचं. "तुझी मीटिंग आहे?" "आहे." "बरं, मग मी थांबते." वर्षअखेरीला माझ्या कामाच्या अहवालात 'ऐनवेळी गैरहजर राहतात' असं वाक्य आलं. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल असं कधी कुणी लिहिलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघं जेवणानंतर टेबलापाशी बसलो आणि सहा दिवसांच्या तारखा कागदावर मांडल्या. तारखा समोर आल्यावर वाद घालायला काही उरलंच नाही.

आधी शाळा नेमकी कशामुळे बंद होते ते विचारून घ्या

हिवाळा लागायच्या महिनाभर आधी शाळेच्या कार्यालयात जा आणि चार गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत किती दिवस शाळा बंद राहिली? निर्णय कोण घेतं? निरोप किती वाजेपर्यंत आणि कशावर येतो? आणि शाळा मधेच सोडली, तर मूल कुणाच्या ताब्यात देतात? तीन वर्षांचा आकडा कळला की किती रजा हाताशी ठेवायच्या याचा अंदाज येतो.

फक्त किती बर्फ पडला यावर शाळा बंद होणं ठरत नाही, हे मला उशिरा कळलं. वीतभर भुसभुशीत बर्फ रात्रीत बाजूला सारता येतो. पण गोठणबिंदूखाली गेलेल्या रस्त्यावर पाऊस पडला की पाण्याची पातळ काच तयार होते. ती दिसत नाही आणि तिच्यावरून बस घसरते. त्यामुळे अंदाजात बर्फापेक्षा गोठणारा पाऊस दिसला तर मी जास्त सावध होते. दुसरं कारण वाऱ्याचं. वारा धरून जाणवणारं तापमान उणे २८ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठून इजा होते. बसची वाट बघत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे हातमोजे ओले असतील, तर हा वेळ फार थोडा आहे. बाकी कारणं साधी: शाळेचा बॉयलर बंद पडतो, पाइप फुटतो, शिक्षकच पोचू शकत नाहीत.

उत्तर भारतात बर्फाशिवायही हेच घडतं. तिथे थंडीच्या लाटेत आणि दाट धुक्यात जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवण्याचा आदेश काढतात आणि बऱ्याचदा तो फक्त खालच्या इयत्तांना लागू असतो. म्हणजे एका घरातली मोठी शाळेत आणि धाकटा घरी, असंही होतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून खाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. हा इशारा दिसला की आदेशाची वाट न बघता त्याच संध्याकाळी पुढची तयारी सुरू करा.

पाळी लावा, आणि ती पगारावर लावू नका

आमची वही अगदी साधी आहे. तारीख, कोण थांबलं, पूर्ण दिवस की अर्धा. एकदा मी, एकदा तो. एखाद्याला त्या दिवशी खरोखरच जाणं भाग असेल तर अदलाबदल करायची, पण ती वहीत लिहायची आणि पुढची पाळी त्याने घ्यायची. "ज्याचा पगार कमी त्याने थांबायचं" हा हिशेब बहुतेक घरांत न बोलता चालतो. दिसायला तो शहाणपणाचा वाटतो, पण तसं केलं की कमी पगार असलेलीच दर वेळी गैरहजर राहते, तिची बढती मागे पडते आणि पुढच्या वर्षी पगारातलं अंतर आणखी वाढतं. आमच्याकडे दोन वर्षांत हेच होऊ लागलं होतं, म्हणून मी यावर इतकं ठासून सांगते.

अर्धा दिवस वाटून घेणं कागदावर छान दिसतं. ज्यांची कामं जवळ आहेत त्यांना जमतंही. आम्हाला नाही जमलं, कारण गोठलेल्या रस्त्यावर भर दुपारी दोघांनी उलटसुलट प्रवास करायचा म्हणजे धोका दुप्पट.

तीन घरांची साखळी

माझी एक सहकारी एकटीने मुलगी वाढवते. तिला वहीत लिहायला दुसरं नावच नाही. तिच्यासाठी म्हणून आम्ही जी व्यवस्था उभी केली तिचा फायदा शेवटी आम्हालाही सगळ्यांत जास्त झाला. तीन घरं, मिळून पाच मुलं. शाळा बंद झाली की एका घरातला मोठा माणूस थांबतो आणि बाकी दोन घरांतली मुलं तिथे जातात. यात एकच अट मोडू नका: तिन्ही घरं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर हवीत. जिथे शाळेची बस जाऊ शकत नाही तिथे तुमची गाडीही जाऊ शकत नाही. पहिल्या वर्षी आम्ही ओळखीचं म्हणून गाडीने वीस मिनिटांवरचं घर धरलं होतं आणि ऐन गरजेच्या दिवशी तिथे पोचताच आलं नाही. पाळणाघराच्या भरवशावर राहू नका, शाळा बंद असते त्या दिवशी बहुधा तेही बंद असतं.

पायी अंतरावर ओळख नसेल तर वर्गाच्या पालकसभेत सरळ विचारा. मला संकोच वाटला होता, पण माझं बोलणं पुरं व्हायच्या आत दोघी पुढे आल्या. त्यांनाही तीच काळजी होती.

मूल दुसऱ्या घरी पाठवण्याआधी एक कागद द्या: कशाची ॲलर्जी, कोणतं औषध किती, आई-बाबांचे नंबर आणि दोघंही लागले नाहीत तर तिसरा नंबर. सोबत कोरडे मोजे आणि कपड्यांचा एक जादा जोड. ज्यांच्या घरी मुलं जमणार त्यांनी आधी बोलून घ्यायच्या दोन गोष्टी म्हणजे स्क्रीन किती वेळ आणि बाहेर खेळायला सोडायचं की नाही. यावरूनच नंतर मनं दुखावतात.

वरिष्ठांशी हिवाळ्याआधी बोला

पहाटे सहाला केलेला फोन ऐकणाऱ्याला सबब वाटतो. हेच ऑक्टोबरमध्ये बोललं तर ती योजना होते. मी असं सांगितलं: "गेल्या तीन वर्षांचा अंदाज घेतला तर यंदा शाळा साधारण सहा दिवस बंद राहील. त्यातले तीन माझ्या वाट्याचे. त्या दिवशी सकाळी साडेपाचला मी कळवीन आणि माझी शिफ्ट कोण घेणार तेही सांगीन." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मी दोन सहकाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवते: त्यांनी माझी बर्फाच्या दिवसाची शिफ्ट घ्यायची, मी त्यांची रविवारची. त्यांना मुलं नाहीत म्हणून त्यांचा वेळ मोकळा, असं कधी धरू नका. घेतलेली शिफ्ट त्याच महिन्यात फेडा.

कायदा काय देतो हेही माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये १९९६च्या कायद्यानुसार मुलाला सांभाळण्याची व्यवस्था अचानक कोलमडली तर वाजवी वेळ सुट्टी मिळण्याचा हक्क आहे, पण तिचा पगार देणं मालकावर बंधनकारक नाही. अमेरिकेतला १९९३चा कौटुंबिक रजेचा कायदा आजारपण आणि बाळंतपणासारख्या कारणांसाठी आहे, बर्फामुळे शाळा बंद पडली तर तो उपयोगी पडत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी तुमच्या किरकोळ रजाच कामी येतात. हिवाळा संपेपर्यंत त्यातल्या चार रजांना हात लावायचा नाही, असा माझा नियम आहे. रोजंदारीवर काम करणाऱ्यांना तर रजाच नसते, दिवस गेला की पैसे गेले. तुमच्या वर्गात असं एखादं घर असेल तर आपल्या साखळीत त्यांना आधी घ्या.

उशिरा भरणारी शाळा आणि मधेच सुटणारी शाळा

पूर्ण बंदपेक्षा 'आज शाळा दोन तास उशिरा' हा निरोप शिफ्टवाल्यांना जास्त अडचणीचा. रजा टाकावी तर शाळा आहे, जावं तर दोन तास मुलांकडे कोण? आम्ही उशिराचा दिवसही पाळीत पूर्ण अर्धा दिवस म्हणून मोजतो.

पण सर्वांत जास्त तयारी हवी ती मधेच सुटणाऱ्या शाळेची. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात सकाळ इतकी उबदार होती की मुलं जाड कोटांशिवाय शाळेत गेली. दुपारी हिमवादळ आलं, तापमान झपाट्याने कोसळलं, आणि घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गारठून गेली. त्या वादळातल्या मृतांचा अंदाज २३५ सांगतात. आज अंदाज आधी मिळतो, फोन आहेत, तरी धोक्याची जागा तीच आहे: शाळा आणि घर यांच्या मधला रस्ता. म्हणून सकाळ कितीही उबदार असली तरी हिवाळ्यात जाड कोट, टोपी आणि हातमोजे दप्तराबरोबर जातातच. शाळेत तीन माणसांची नावं द्या, आणि मुलांना सांगून ठेवा की या तिघांपैकी कुणी आलं नाही तर शाळेतून हलायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. आमची मोठी एकदा बाकीच्यांबरोबर चालत निघाली होती. मी प्रयोगशाळेत मशीनसमोर होते, फोन लॉकरमध्ये होता. तेव्हापासून शाळेकडे प्रयोगशाळेच्या टेबलावरचा नंबर दिला आहे, माझ्या मोबाइलच्याही आधी.

घरी थांबलात तर

मुलं घरात असताना पूर्ण दिवसाचं काम होत नाही. नवऱ्याने एका हिवाळ्यात तसा प्रयत्न केला, संध्याकाळपर्यंत काम अर्धवट राहिलं आणि मुलांवर आवाज चढला. आता तो सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास कामाचे धरतो, आणि तेवढंच होईल हे ऑफिसला आधी सांगतो. शाळा ऑनलाइन वर्ग घेणार असेल तर आदल्या दिवशी लॉगइन करून बघा. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरात बर्फामुळे सगळी शाळा घरून भरवली गेली, तेव्हा सकाळी असंख्य मुलांना लॉगइनच करता आलं नाही.

हीटरपासून पडदे, अंथरूण आणि खेळणी किमान एक मीटर लांब ठेवा. त्याचा प्लग थेट भिंतीत लावा, एक्स्टेंशनवर नको. वीज गेली म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेलं मूल त्यातून उठत नाही. हीच गोष्ट शेजारच्या घरातही सांगा.

मोठीला एकटं ठेवायचं का, हे लोक मला विचारतात. मी अजून ठेवत नाही. इंग्लंडसारख्या ठिकाणी कायद्यात वय ठरवलेलं नाही. पण वीज जाऊ शकते आणि मदत यायला नेहमीपेक्षा वेळ लागेल, अशा दिवशी दहा वर्षांच्या मुलीवर सहाचा भाऊ सोपवणं मला पटत नाही.

वहीत मागच्या वर्षी मोठीने एक बदल करून घेतला. अंदाज वाईट असेल तर पाळीचं नाव आदल्या रात्रीच मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायचं. सकाळी उठल्यावर घरात कोण असणार, हे तिला झोपण्याआधी कळायला हवं होतं.