उन्हाळा लागायच्या आत डीईएफचे कॅन सावलीत घ्या

शेडमध्ये पत्र्याखाली डीईएफचे (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डिझेल गाडीचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते पातळ) कॅन पडून असतील तर आजच जाऊन बघा, कारण ऊन वाढलं की ते आतून खराब होत जातं आणि वरून काहीच कळत नाही, रंग तोच, पाण्यासारखा. डिझेलचा ड्रम ठेवतो तसंच आपण याला पण ठेवतो आणि तिथंच चुकतं.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी सगळं क्षार काढलेलं पाणी. पिकअपच्या सायलेन्सरच्या लाईनीत ते फवारलं जातं, तिथल्या उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साईडचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. युरियाचा अमोनिया व्हायचं हेच काम कॅन उन्हात तापला की हळूहळू कॅनमध्येच सुरू होतं, युरिया फुटायला लागतो. आता आकडे बघा: १० अंशाला ठेवलं तर ३ वर्षं टिकतं, २५ अंशाला दीड वर्ष, ३० ला एक वर्ष आणि ३५ अंशाला फक्त ६ महिने. पत्र्याखाली दुपारी किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून कॅन पक्क्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत, फळीवर ठेवा, झाकण घट्ट लावा, आणि गाडीच्या हौद्यात ताडपत्रीखाली महिनाभर फिरवत बसू नका. विकत घेताना बनवल्याची तारीख बघून घ्या आणि आयएसओ २२२४१ (डीईएफच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं आहे का ते पण बघा. झाकण उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला किंवा तळाला गाळ दिसला तर तो कॅन गाडीत ओतू नका.

आता खरं सांगायचंय ते हे. घरात युरियाची गोणी असते, त्यामुळे मनात येतंच की पाण्यात विरघळवून आपणच बनवू. कृपा करून नका करू. खताच्या युरियात बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारा नको असलेला घटक) असतं, दाण्यांवर कोटिंग असतं, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षार. हे सगळं कॅटॅलिस्टवर, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीतल्या धूर साफ करणाऱ्या पार्टवर, जाऊन बसतं आणि एकदा बसलं की निघत नाही, डीईएफचे वाचवलेले पैसे त्या एका पार्टच्या खर्चापुढे काहीच नाहीत. पिकाला जे चालतं ते या गाडीला चालत नाही.

भांड्यांचं पण तसंच. फवारणीच्या पंपाचा कॅन, तेलाचा डबा, दुधाची किटली, काही काही वापरायचं नाही, कितीही धुतलं तरी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांना डीईएफ खातं आणि तो धातू विरघळून टाकीत जातो. मूळ प्लास्टिकचा कॅन आणि फक्त याच कामाचं वेगळं नरसाळं, तेही फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, एवढं पुरे. नळाच्या पाण्यानं नरसाळं धुतलंत तर शेवटी थोडं डीईएफच त्यावरून सोडून ते सांडून द्या.

भरताना घाई नको, विशेषतः पहाटे अंधारात माल भरून निघायच्या वेळी. निळं झाकण डीईएफचं. चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर चावी फिरवायचीच नाही, नुसती इग्निशन ऑन केली तरी बऱ्याच गाड्यांत डिझेलचा पंप चालू होतो आणि ते पुढं इंजेक्टरपर्यंत ओढलं जातं. गाडी जागेवर ठेवा, मेकॅनिकला बोलवा, टाकी उतरवून साफ करायला लावा. उलट झालं, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं, तरी स्टार्ट करू नका, सील फुगतात.

खप साधारण १०० लिटर डिझेलमागे २ ते ५ लिटर धरा, लोड ओढताना जास्त लागतं. डीईएफ कमी झाल्याची डॅशबोर्डवरची लाईट लागायची वाट बघू नका, टाकी रिकामी झाली तर गाडी ताकद कमी करते किंवा एकदा बंद केल्यावर परत स्टार्टच होत नाही, आणि मार्केटला भाजी घेऊन निघालेल्या माणसाला ते परवडत नाही. झाकणाभोवती पांढरी पूड जमली तर घाबरू नका, ते सुकलेलं डीईएफ आहे, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

जनावरं असतील तर एक गोष्ट फार जपा. एका लिटरमध्ये जवळपास ३५० ग्रॅम युरिया असतो, सांडलेलं गाईम्हशीनं चाटलं किंवा रिकाम्या कॅनमधून पाणी पाजलं तर विषबाधा होऊ शकते, पोट फुगणं, थरथरणं, लाळ गळणं दिसलं की लगेच जनावरांचा डॉक्टर बोलवा. सांडलं तर भरपूर पाण्यानं धुवून काढा, आणि रिकामा कॅन पाण्याला वापरूच नका.

थंड भागात उणे ११ अंशाला ते गोठतं, फुगतं, म्हणून कॅन काठोकाठ भरून ठेवू नका, पण गोठून परत वितळलं की चांगलंच असतं, त्यात काही मिसळायचं नाही.

हंगाम संपल्यावर पिकअप दोन तीन महिने उभी राहणार असेल तर ती सावलीत लावा, कारण टाकीतलं डीईएफ पण तापतंच. इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरीची वायर काढू नका, चार पाच मिनिटं थांबा, तेवढ्यात पंप लाईनीतलं डीईएफ परत टाकीत ओढून घेतो, नाहीतर ते नोझलमध्ये सुकून खडे होतात.