स्वयंपूर्ण वस्ती उभी करताना: घरं शेवटी, पाण्याची वाटणी आधी

आठ-दहा कुटुंबांनी मिळून गावाकडे जमीन घ्यायची, विषमुक्त पिकवायचं, आपलं आपण खायचं, असा विचार घेऊन दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी भेटायला येतं. त्यांच्याकडे मातीच्या घरांचे नकाशे असतात, सौरपंपाचे दर काढलेले असतात, गायीची जातही ठरलेली असते. पाण्याचा हिशेब मात्र आजवर एकानंही आणलेला नाही. पर्जन्यछायेतल्या, पाचशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात मी अशा तीन वस्त्यांच्या उभारणीत होते. पहिली मोडली, पुढच्या दोन टिकल्या. पुढचा क्रम त्या अनुभवातून आला आहे. कोकणात किंवा पूर्व विदर्भात आकडे वेगळे निघतील, क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: माणसं

पाच ते सात कुटुंबं पुरेत. जमीन घेण्याआधी सगळ्यांनी एक अख्खा उन्हाळा त्याच गावात भाड्यानं राहावं. जे जूनपर्यंत टिकतील ते आपले.

दुसरी पायरी: जमीन

जमीन मे महिन्यात बघा. पावसाळ्यात प्रत्येक माळ हिरवा दिसतो आणि प्रत्येक विहीर भरलेली असते. विहिरीतलं पाणी तीन फूट उपसा आणि ते परत भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. विकणारा या गोष्टीला तयार नसेल तर तिथून उठा.

महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून ‘गटात एकाचा सातबारा आहे, सगळी जमीन त्याच्याच नावावर घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. माणूस कितीही सज्जन असो, उद्या त्याच्या वारसांशी तुमचा कुठलाच करार नसतो. पैसे देण्याआधी जमिनीचे व्यवहार करणाऱ्या वकिलाकडे बसून नावं, हिस्से आणि बाहेर पडण्याच्या अटी पक्क्या करा.

तिसरी पायरी: पाण्याचा ताळेबंद आणि वाटणी

आमची पहिली वस्ती इथेच मोडली, म्हणून इथे सावकाश वाचा.

आधी जमा. एक एकरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 20 लाख लिटर पाणी पडतं. वीस एकरांवर चार कोटी. आकडा ऐकून माणसं खूश होतात, पण त्यातलं बरंचसं मातीतून आणि पिकांतून हवेत जातं, उरलेलं ओढ्यानं वाहून जातं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवते ती वरची मुरमाची आणि भेगांची पट्टी. मी हिशेबात दहा टक्क्यांपेक्षा जास्त कधीच धरत नाही, म्हणजे वीस एकरांना वर्षाचे 40 लाख लिटर. हे सगळंही आपल्याच विहिरीत उतरेल असं नाही. खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीलाही तेच पाझरतं.

आता खर्च. पंचवीस माणसं, आठ जनावरं, प्रत्येकी रोजचे सत्तर लिटर धरले तर वर्षाला साडेआठ लाखांच्या आत भागतं. दहा गुंठ्यांच्या परसबागेला दिवाळीपासून मृगापर्यंत रोजचे चार हजार लिटर, म्हणजे आणखी नऊ-दहा लाख. उरले 22 लाख. एका एकराला दोन इंचांची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे पाच एकर शाळू-हरभऱ्याला दोन संरक्षित पाळ्या दिल्या की खातं संपलं. उरलेल्या जमिनीवर फक्त खरीप, झाडं आणि गवत. आणि एक एकर ऊस? पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षभरात ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी लागतं, म्हणजे तुमच्या अख्ख्या वस्तीच्या जमेच्या दुप्पट. ‘थोडासाच लावू, गुळापुरता’ म्हणणारा प्रत्येक गटात असतो. त्याच्यासमोर हा हिशेब कागदावर मांडा.

हिशेब आम्हीही पहिल्या वर्षी केला होता. चुकली ती वाटणी. सात कुटुंबांनी जमिनीत पैसे कमी-जास्त घातले होते आणि ‘आपण सगळे समजूतदार आहोत, पाण्याचं बघू नंतर’ म्हणून आम्ही काहीच लिहिलं नाही. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली. ज्यांचे पैसे जास्त, त्यांनी जमिनीच्या हिश्शाप्रमाणे पाणी मागितलं. ज्यांच्या घरी माणसं जास्त, त्यांना ते अन्यायाचं वाटलं. रात्री पंप कोणी चालू केला यावरून सुरू झालेलं भांडण कोणाच्या मुलांनी कोणाशी खेळायचं इथपर्यंत गेलं. दोन कुटुंबं पावसाआधी निघून गेली, बाकीची वर्षभरात. त्या दुपारी विहिरीच्या काठावर एकमेकांना जे बोललो ते मला अजून आठवतं. म्हणून कळकळीनं सांगते, पाण्याची वाटणी विहीर काठोकाठ भरलेली असताना लिहा. तळ दिसायला लागला की कोणाचंच मन मोठं राहत नाही.

लिहायचं काय, याचा उत्तम नमुना पुरंदर तालुक्यात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानं नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, पाणी अडवून ती पिकती केली आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिथे पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळत नसे, घरातल्या माणसांवर मिळे: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. ऊस आणि बारमाही पिकांना बंदी होती. यातली एक अट जरी गाळली तरी बाकीच्या डळमळतात. भूमिहीनांची अट बहुतेक नवे गट हळूच वगळतात. तुमच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या घरी हंडा रिकामा आणि तुमच्या परसात पालक हिरवा असेल, तर त्या वस्तीला स्वयंपूर्ण म्हणू नये.

आमच्या पुढच्या दोन वस्त्यांच्या करारात त्यावर आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, क्रम: पिणं, जनावरं, सामाईक परसबाग, मग पिकं. जानेवारीपासून पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की शेवटचं आधी बंद. दुसरी, बोअर नाही. खोल बोअर मारला की शेजारचाही मारतो आणि चार वर्षांत दोघांच्या विहिरी कोरड्या पडतात. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद ठेवले आणि दरवर्षी पाणी मोजून पिकं ठरवली, तेव्हाच तिथे पाणी टिकलं. तिसरी, पंपाची किल्ली कुठल्याही सभासदाकडे नाही. त्यासाठी पगारी पाटकरी, म्हणजे पाळीनं पाणी सोडणारा माणूस ठेवा, शक्यतो शेजारच्या गावातला. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घेण्याच्या पद्धतीत, पाटकरी, बारेकरी, जागल्या अशी माणसं नेमलेली असतात, ती याच कारणासाठी. आपलंच माणूस पाणी सोडायला लागलं की प्रत्येक पाळीवर संशय येतो.

मोजमाप अगदी सोपं आहे. विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायची, दर सोमवारी, आणि आकडा भिंतीवर लिहायचा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर. भिंतीवरचा आकडा लहान मुलंही वाचतात, त्यामुळे सभेत कोणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

चौथी पायरी: पाणी अडवणं

माथ्यापासून सुरुवात करा आणि पायथ्याकडे या. ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची लाकडी चौकट) आणि ओळंबा घेऊन समपातळी आखा, चर खणा, मातीचा भराव उताराकडच्या बाजूला टाका. नाल्यावरचा बंधारा सगळ्यात शेवटी, नाहीतर तो दोन पावसाळ्यांत गाळानं भरतो. उन्हाळ्यात सगळ्यांनी पहाटे दोन तास खणायचं, बस्स.

पाचवी पायरी: शेती

जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताची, कृती एव्हाना सगळ्यांना पाठ आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गायीचं ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो काळा गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत अठ्ठेचाळीस तास, सकाळ-संध्याकाळ ढवळून, एका एकराला. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी ती घरोघर पोचवली. पण त्यांनी तितक्याच आग्रहानं सांगितलेलं आच्छादन, म्हणजे काडीकचऱ्यानं माती झाकून ठेवणं, लोक विसरतात, आणि आमच्या कोरड्या पट्ट्यात आच्छादनाचं मोल मी जास्त मानते. काडीकचरा जाळणाऱ्याला आमच्याकडे दंड आहे. पहिली तीन वर्षं विकण्यासाठी काही लावू नका. बाजरी, मटकी, हुलगा, तूर, शाळू, करडई, घरात लागेल तेवढंच, आणि बी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून मागून आणा. या काळात प्रत्येक घरात बाहेरची एक मिळकत चालू असू द्या.

सहावी पायरी: घरं

दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढा. तोपर्यंत पाणी कुठून वाहतं, वारा कुठून येतो ते कळतं आणि घराची जागा आपोआप ठरते.

दरवर्षीचं काम

दसऱ्याला विहीर मोजा, पर्जन्यमापकाची वही काढा आणि दिवाळीच्या आत सभा घेऊन रब्बीचं क्षेत्र ठरवा. पाऊस कमी झाला असेल तर आधी पिकांच्या पाळ्या कापा, परसबागेला हात लावू नका. कोणी वस्ती सोडत असेल तर त्याच सभेत त्याचे पैसे किती हप्त्यांत परत करायचे ते लिहा. त्याच्या वाट्याचं पाणी वस्तीकडे परत येतं, ते विकता किंवा कोणाला देता येत नाही, हेही त्याच कागदावर त्याच्या सहीनिशी घ्या.