डालडा, बर्फ आणि सोललेला नारळ: पेंग्विनचं पिल्लू थंडीत कसं तगतं ते पोरांना दाखवायचं असेल तर

आपल्याकडे रत्नागिरीत जानेवारीतसुद्धा दुपारी पंखा लागतो, त्यामुळे उणे ४० म्हणजे काय हे पोरांना नुसतं सांगून कळत नाही, हात घालूनच बघायला लागतं. आणि आधी एक क्लिअर करा, राणीच्या बागेत बघितलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. आपण बोलतोय ते एम्परर, अंटार्क्टिकाचे, ऐन हिवाळ्यात अंडं घालणारे.

सामान फार नाही. बंदरावरून मासळीचा बर्फाचा चुरा आणा, थर्माकोलच्या डब्यातनं आणलात तर घरी येईपर्यंत टिकतो. शिवाय डालडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सोललेला नारळ, कापूस, कोंबडीची पिसं आणि स्टीलचे दहा ग्लास.

सुरुवात नारळाने करा. एम्परर मादी मे-जूनमध्ये एकच अंडं घालते, साधारण साडेचारशे ग्रॅमचं, म्हणून नारळही तेवढाच बघून घ्या. एका पोराच्या पावलांवर ठेवा आणि हात न लावता, जमिनीला न टेकवता दुसऱ्याच्या पावलांवर सरकवायला सांगा. मादी तसंच अंडं नराला देते, बर्फावर राहिलं तर ते थोड्याच वेळात गोठतं. मग ती समुद्रावर जाते आणि बाप दोनेक महिने अंडं पायावर घेऊन पोटाच्या कातडीच्या घडीखाली उबवतो, उपाशी. पिल्लू आधी फुटलं आणि आई अजून आलेली नसली तर तोच घशातून दह्यासारखं काहीतरी काढून भरवतो. पोरं इथे नाक मुरडतात, मुरडू द्या.

आता डालडा. एका पिशवीत जाड थर भरा, आत दुसरी पिशवी घाला, तिच्यात हात घालून बर्फाच्या पाण्यात बुडवा, दुसरा हात नुसत्या पिशवीत. नुसता हात लगेच बाहेर येतो. चरबीचं काम कळलं की मुद्द्याचं सांगा, हा थर मोठ्यांकडे असतो, तीनेकशे ग्रॅमच्या पिल्लाकडे काहीच नसतं, पहिले दीड महिने आईबापाच्या पायावरच मुक्काम.

पुढे पिल्लू मोठं झालं की पोट भरायला दोघांनाही समुद्रावर जावं लागतं, मग पिल्लं एकमेकांना चिकटून घोळका करतात. त्यासाठी दहाही ग्लासात सारखं गरम पाणी, नऊ खेटून आणि एक लांब, वरून पंखा फुल. वीसेक मिनिटांनी मधल्याला आणि एकट्याला बोट लावून बघा. शाळेचा थर्मामीटर मिळाला तर उत्तम, तापाचा अजिबात घालू नका, फुटेल.

शेवटचा प्रयोग पोरांना साधा वाटतो पण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. कापसावर आणि कोंबडीच्या पिसावर पाण्याचे थेंब टाका. पिल्लाची राखाडी लव त्या कापसासारखी, भिजली की ऊब संपली. खरी पिसं, कौलांसारखी एकावर एक बसून पाणी आत न जाऊ देणारी, ती डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला तयार होतात आणि तोवर पायाखालचा समुद्रावरचा बर्फ टिकायलाच हवा. २०२२ साली अंटार्क्टिकाला लागून असलेल्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि तिथल्या पाच वसाहतींपैकी चारमध्ये बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही, सॅटेलाइटच्या फोटोंवरून कळलं. हे पोरांना सांगायचं की नाही ते वय बघून ठरवा, पाचवीच्या पुढच्यांना मी तरी सांगेन.

आणि हो, बर्फ उरला म्हणून सरबतात घालू नका, तो मासळीचा आहे. डालड्याच्या पिशव्या कचऱ्यात टाका, मोरीत धुवायला गेलात तर पाइप तुंबलाच.