एका हाताचा कीबोर्ड बनवताना या चुका टाळा

रावेरकडे केळी भरताना मोजणाऱ्याचा उजवा हात घडावरच असतो, म्हणून मनगटावरच्या छोट्या संगणकात नोंद डाव्या हाताने व्हावी, या हेतूने मी पाच कळांचा कीबोर्ड बनवला. कल्पना जुनीच आहे: अमेरिकन संगणकतज्ज्ञ डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ च्या प्रात्यक्षिकात असाच पाच कळांचा संच वापरला होता, आणि पाच कळा वेगवेगळ्या मिळून दाबल्या की ३१ चिन्हे मिळतात.

सर्वांत जास्त नडते ती चूक म्हणजे कळ दाबताच अक्षर उमटवणे. तीन बोटे एकाच क्षणी कधीच टेकत नाहीत. जे बोट आधी टेकते त्याचे अक्षर उमटून जाते आणि वापरणारा स्वतःलाच दोष देत बसतो. दाबलेल्या कळा प्रोग्रामने साठवत जावे, पहिले बोट उचलले जाताच अक्षर ठरवावे, आणि सगळी बोटे उठेपर्यंत पुढचे काही ऐकूच नये.

कळा वाढवून त्या ओळी-स्तंभांत जोडल्यास प्रत्येक कळीला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावावाच लागतो. तो नसेल, तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा दाबल्यावर न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी दिसते. साध्या कीबोर्डवर हे क्वचित घडते, पण इथे अनेक कळा एकत्र दाबणे हेच तर काम आहे.

इंग्रजीची मांडणी उचलून मराठीवर बसवू नये. वर्णमाला आपली सोय आधीच करून ठेवते: ‘क’च्या बोटांत एक ठरावीक बोट मिळवले की ‘ख’, ‘ग’मध्ये मिळवले की ‘घ’, असा नियम केला तर दहा अक्षरे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. स्वर आणि मात्रा यांना एकच खूण देताना मात्र मी फसलो, कारण व्यंजनापुढचा प्रत्येक स्वर मात्राच होऊ लागला आणि मुंबईचा माल ‘मुंबी’ला निघाला. सुटा स्वर लिहिण्यासाठी अंगठ्याची वेगळी कळ ठेवावी.

अनामिका एकटी उचलणे अवघड असते, त्यामुळे नेहमीची अक्षरे तिच्यावर टाकू नयेत. मे महिन्याच्या घामात आणि केळीच्या चिकात उघडी बटणे टिकत नाहीत, त्यांवर रबराचे आवरण हवे. मनगटाजवळ एकेरी तारेची वायर वापरल्यास ती वाकून वाकून तुटते; बारीक तारांची वायर घ्यावी आणि डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागेआधी तिला थोडी ढील ठेवावी.