लॅक्सिटी कुठं वापरायचं आणि कुठं अजिबात नाही

सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी हे एकदा नीट वाचा, कारण मार्क जातात. 'वयोमर्यादेत शिथिलता' याचं इंग्रजी करताना बरेच जण सरळ लॅक्सिटी इन एज लिमिट लिहून मोकळे होतात, आणि त्याचा अर्थ होतो की वय तपासण्यात कुणीतरी हलगर्जी केली. सरकारनं ठरवून, जीआर काढून सूट दिली तर ती रिलॅक्सेशन. लॅक्सिटी म्हणजे जिथं कडक राहायला पाहिजे तिथं दाखवलेली ढिलाई, त्यात कुणावर तरी ठपका असतोच. मराठीत दोन्हीकडं शिथिल चालून जातं म्हणून हा घोळ, आणि मूळही एकच, लॅटिनमधला लॅक्सस म्हणजे सैल, त्यातनंच रिलॅक्स आलं आणि पोट साफ करायचं लॅक्सेटिव्ह पण.

मग ओळखायचं कसं, तर ढिलाईच्या जागी निष्काळजीपणा टाकून बघा. परीक्षा केंद्रावर तपासणी ढिली होती, पोरं मोबाईल घेऊन आत गेली, इथं निष्काळजीपणा बसतो ना, मग देअर वॉज लॅक्सिटी इन चेकिंग. पुढं बहुतेक वेळा इन येतं, आणि अनेकवचन करू नका. माणसाबद्दल बोलायचं असेल तर लॅक्स पुरे, ही इज लॅक्स अबाउट सेफ्टी.

एक अपवाद आहे, दवाखान्यातला. मिरजेला हाडाच्या डॉक्टरकडं गुडघा दाखवला आणि कागदावर लिगामेंट लॅक्सिटी लिहून आलं तर त्यात दोषबिष काही नाही, लिगामेंट सैल आहे, सांधा हलायला पाहिजे त्यापेक्षा जास्त हलतोय एवढंच.

वस्तूंना मात्र हा शब्द सहसा लावत नाहीत. मिरजेच्या तंबोऱ्याची तार उतरली तर ती स्लॅक, म्हणजे ताण गेलेली, खुंटी पिळून परत चढवायची. कारखान्याचा गळीत हंगाम संपला की जे काम मंदावतं तो पण स्लॅक सीझन. स्क्रू, बटण, मापात न बसणारा शर्ट हे सगळं लूज, फक्त इंग्रजीत बोलताना त्याचा उच्चार लूस करा, शेवटी स. लूझ म्हणालात तर ते हरणं किंवा हरवणं होतं, त्याच्या स्पेलिंगमध्ये ओ एकच असतो.