भर उन्हातल्या कार्यक्रमाला जाताय?

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पुढे सरकारने उन्हाचा कडाका ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचं ठरवलं. वेळ, मांडव, पाणी, रुग्णवाहिका ही जबाबदारी आयोजकांचीच. ‘आपापली काळजी घ्या’ म्हणून ती लोकांवर ढकलता येत नाही. म्हणून निघण्याआधीच विचारा, सावली लोकांवरही आहे की फक्त स्टेजवर?

बाकी आपल्या हातातलं. बसायचं ते बाहेर पडायच्या वाटेजवळ. मधोमध अडकलात तर चक्कर आली तरी उठता येत नाही, हे फार महत्त्वाचं. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या, ओआरएस पुडीवरच्या मापानेच कालवा. शेजारचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर लगेच १०८ ला फोन लावा. सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. घरच्या वयस्कर माणसांना मात्र टीव्हीवरच बघायला सांगा, ती रुसली तरी चालेल.