मैदानात हात उचलला गेला की पंच इथं चुकतात

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच पाहिलेल्याला ठाऊक असतं, दोन पोरांची बाचाबाची गॅलरीत पोचायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. पंचाच्या हातात तेवढाच वेळ असतो.

पहिली चूक नजरेची. नवा पंच चेंडूमागे पळतो, मागे कुणी कोपर मारलं ते हुकतं, आणि उलटून मारणारा तेवढा सापडतो. २००६च्या वर्ल्डकप फायनलला बर्लिनमध्ये ११०व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोकं हाणलं, तेव्हा चेंडू दुसरीकडेच होता. मुख्य पंच एलिझोन्दो यांनी काहीच पाहिलं नव्हतं. त्यांनी अंदाजानं कार्ड काढलं नाही. हेडसेटवरून सहकाऱ्यांना विचारलं, मैदानाबाहेरच्या चौथ्या पंचानं पाहिलं होतं, मग लाल कार्ड निघालं. आपल्याकडे हेडसेट कुठला! पण रेषेवर झेंडा घेऊन लाइनमन असतो. त्याला मॅचआधीच सांगून ठेवा की चेंडू पुढं गेला तरी मागं राहिलेल्या दोघांवरनं नजर काढू नको. आणि त्याला विचारल्याशिवाय खेळ सुरू करू नका. नंतर त्याला आठवलं तरी कार्ड दाखवता येत नाही.

‘सर, लागलंच कुठं?’ या प्रश्नाला भुलू नका. चेंडूसाठी झुंज नसताना जोरात मारायचा नुसता प्रयत्न केला तरी लाल कार्डच. वातावरण तापू नये म्हणून पिवळ्यावर, म्हणजे ताकिदीवर भागवलं, तर ज्याला मार बसला त्याचे दोस्त हिशोब स्वतःच चुकता करतात. अ‍ॅडव्हान्टेजही देऊ नका, म्हणजे फाउल झाल्यावर खेळ तसाच चालू ठेवू नका; गोलची अगदी उघड संधी असेल तरच ठेवा.

घोळका झाला की मध्ये घुसून पोरं ओढायची नाहीत. पंचगिरीच्या पहिल्या वर्षी मी एकाला दंडाला धरून मागं खेचलं. त्याची बाही फाटली आणि तो गॅलरीकडे वळून ओरडला, ‘बघा, सरच मारायला लागले!’ पुढची पाच मिनिटं मलाच सोडवायला माणसं लागली. तेव्हापासून शिट्टी जोरात मारतो आणि चार पावलं मागं सरतो. एक लाइनमन समोरून, एक मागून. तिघांनी मिळून नंबर टिपायचे: सुरुवात कुणी केली, लांबून पळत कोण आलं.

टिपताना नुसता नंबर लिहू नका. २००६लाच क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅचमध्ये पंच ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या ३ नंबरच्या शिमुनिचला दुसऱ्या पिवळ्यालाच बाहेर काढायचं सोडून तीन पिवळी कार्डं दाखवली, कारण दुसरं कार्ड वहीत ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरवर चढलं होतं. एवढा मुरलेला पंच! मी आधी संघाचा रंग लिहितो, मग नंबर.

रिपोर्टात ‘मारामारी झाली’ असं लिहिलं तर शिस्त समितीला त्यातून काही कळत नाही. ‘७२ मिनिटं, चेंडू वीस फुटांवर, पांढरा ८, उजवी मूठ, निळा ५च्या जबड्यावर’ असं लिहा. दिसलं तेवढंच. ‘रागानं’, ‘मुद्दाम’ हे शब्द नकोत, त्यावरच वकिली सुरू होते. आणि हे मैदानावरच लिहून सही करा. घरी पोचेपर्यंत ‘सर, पोरगं तसं गुणी आहे’ म्हणणारे तीन तरी फोन येऊन गेलेले असतात.